हिवाळ्याचं भाडं कोणी भरायचं?

मागच्या महिन्यात पुण्यात एका छोट्या सभागृहात मी बल्गेरियातल्या लालछाती हंसांविषयी बोललो. चित्रं दाखवून झाली, दिवे लागले आणि प्रश्नोत्तरांच्या नावाखाली जो वाद पेटला तो अजून माझ्या डोक्यातून जात नाही. दहा मिनिटांत सभेत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, पक्षी आधीच धोक्यात आहे, तरी शेतकरी त्याला हुसकावतो, शिकारी त्याच्यावर बार टाकतो, मग सरकार करतंय काय? कुंपण घाला, बंदी घाला, मोडेल त्याला आत टाका. दुसऱ्या तटाचं म्हणणं, गहू माणसाने पेरायचा, खायचा मात्र सायबेरियातून आलेल्या पाखरांनी आणि वर त्यासाठी शेतकऱ्याला सरकारने पैसे मोजायचे, ही श्रीमंत देशांची हौस आहे. आवाज चढले, एक गृहस्थ तर उठूनच गेले. मला दोघांचीही तळमळ पटत होती, युक्तिवाद मात्र एकाचाही पटत नव्हता. दोघं एकच गोष्ट गृहीत धरून भांडत होते : पक्ष्याची जागा वेगळी, शेतकऱ्याची वेगळी आणि तंटा काय तो मधल्या बांधाचा. या हंसाच्या बाबतीत असा बांधच अस्तित्वात नाही. त्याचं हिवाळ्यातलं घर म्हणजे कोणाचं तरी उभं पीक आहे. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. या पक्ष्याचं रक्षण हा शेतकऱ्याशी केलेला भाडेकरार आहे. तो दरवर्षी नव्याने करावा लागतो आणि त्याचे पैसे वेळेवर चुकते करावे लागतात. असा करार वहीत नोंद ठेवल्याशिवाय टिकत नाही, म्हणून दर हिवाळ्यातली हंसांची मोजणी हे संरक्षणाचं पहिलं काम आहे, उरलेल्या पैशांतून करायची हौस नाही.

आधी पक्ष्याची ओळख. लालछाती हंस हे नाव मी सोयीसाठी वापरतो. तो आपल्याकडे नेमाने येत नाही, त्यामुळे मराठीत त्याला रूढ नाव नाही. उजनीवर उतरणाऱ्या पट्टकादंबापेक्षा तो बराच लहान, वजन सव्वा किलोच्या आसपास. छाती आणि गाल भाजक्या विटेच्या रंगाचे, बाकी अंग काळं आणि दोन्ही रंग जिथे भेटतात तिथे पांढरी रेघ, चुन्याने आखून घेतल्यासारखी. उन्हाळ्यात तो रशियाच्या उत्तर टोकाला, ताइमिर, गिदान आणि यामाल द्वीपकल्पांच्या टुंड्रात अंडी घालतो. तीही पुष्कळदा बहिरी ससाण्याच्या घरट्याशेजारी, कारण ससाणा आपल्या घरट्याजवळ आर्क्टिक कोल्ह्याला फिरकू देत नाही. सप्टेंबरात तिथून निघायचं आणि कझाकस्तान, दक्षिण रशिया, युक्रेन असे मुक्काम करत काळ्या समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावर यायचं. रुमानिया आणि बल्गेरिया या दोन देशांत पसरलेला दोब्रुजा नावाचा सपाट, सुपीक प्रदेश आहे. रात्र तिथल्या शाब्ला किंवा दुरानकुलाकच्या तळ्यावर काढायची आणि दिवसभर आसपासच्या हिवाळी गव्हात चरायचं. उत्तरेत थंडी कडक पडली की जगातल्या लालछाती हंसांचा मोठा हिस्सा या एवढ्याशा पट्ट्यात गोळा होतो.

काही वर्षांपूर्वी एका जानेवारीत मी दुरानकुलाकजवळच्या शेतात गुडघे टेकून ते पीक पाहिलं. थवा नुकताच उठून गेला होता. गहू चार बोटं उंच, पात्यांवर दव गोठलेलं. पात्यांची टोकं कात्री लावावी तशी सरळ कापलेली, पण मूळ घट्ट. दोन ओळींच्या मधे बोटाच्या पेराएवढ्या हिरवट विष्ठेच्या कांड्या पडलेल्या. ठरावीक चौरसातल्या अशा कांड्या मोजून थवा तिथे किती चरला याचा अंदाज बांधतात. तिथून पन्नास पावलांवर सखल भाग होता, पाणी साचलेला. तिथे मात्र हजारो पावलांनी गहू चिखलात दाबून टाकला होता आणि पातं कुठलं, माती कुठली हे कळत नव्हतं. एकाच शेतात, एकाच सकाळी. हंस पिकाचं नुकसान करतात का, या प्रश्नावर ठाम होकार किंवा ठाम नकार देणाऱ्या प्रत्येकाला मी त्या दोन जागा शेजारी शेजारी दाखवू इच्छितो.

आपल्या बातम्यांत थंडीतल्या स्थलांतरित पक्ष्यांना ‘हिवाळी पाहुणे’ म्हणायची पद्धत आहे. शब्द प्रेमाचा आहे, पण या वादात त्याने घोळ केला आहे. पाहुणा म्हटलं की त्याचं येणं आपल्या मर्जीवर, राहणं चार दिवसांचं आणि जेवण यजमानाच्या ऐपतीनुसार. हा हंस टुंड्रात राहतो जेमतेम तीन महिने. गव्हाच्या प्रदेशात त्याचे त्याहून जास्त दिवस जातात. वसंतातल्या परतीच्या प्रवासासाठी आणि पुढे अंडी घालण्यासाठी लागणारी चरबी याच शेतांत अंगावर चढायला सुरुवात होते. मग त्याला पाहुणा कोणत्या हिशेबाने म्हणायचं? तो तिथला रहिवासी आहे, फक्त जमीन त्याच्या नावावर नाही. आणि जमीन ज्याच्या नावावर आहे त्याने पीक बदललं तर या रहिवाशाचं काय होतं, हे गेल्या शतकात एकदा घडून गेलेलं आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या जातीचे बहुतेक हंस हिवाळा कॅस्पियन समुद्राच्या काठी, मुख्यतः आजच्या अझरबैजानात काढत. मग तिथल्या धान्याच्या जमिनी कापसाखाली आणि द्राक्षमळ्यांखाली गेल्या. कोणी हंसांविरुद्ध मोहीम काढली नव्हती, खाणंच संपलं. 1960च्या दशकाच्या अखेरीपासून थवे पश्चिमेकडे सरकले आणि आधी रुमानियात, पुढे बल्गेरियात स्थिरावले. पिढ्यान्‌पिढ्यांची हिवाळी जागा एका माणसाच्या हयातीत सुटली. तेव्हा दोब्रुजात गहू होता म्हणून निभावलं. उद्या दोब्रुजाच्या शेतकऱ्याला सूर्यफूल किंवा आणखी काही जास्त परवडू लागलं तर पुढे कुठे? 

आता शेतकऱ्याच्या बाजूचं म्हणणं, आणि ते खरं आहे. शेतातल्या हंसांच्या चरण्यावर झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष सारखे नाहीत. पीक थंडीत झोपलेलं असताना वरवर खुडलं गेलं तर ते पुष्कळदा भरून येतं. ओल्या जमिनीत तुडवलं गेलं किंवा वाढीला लागल्यावर खुडलं गेलं, तर उतारा घटतो. नुकसान सगळ्यांना सारखंही होत नाही. तळ्याजवळच्या दहा जणांवर सगळा भार पडतो आणि पाच कोसांवरच्या शंभर जणांना हंस दिसतही नाहीत. पक्षिप्रेमी जेव्हा ‘सरासरी नुकसान किरकोळ’ असं सांगतात तेव्हा ते त्या दहा जणांशी अन्याय करतात. आपल्याकडे हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणारी माणसं पाखरांची शत्रू होती का? चार कणसं पाखरांची म्हणून सोडणारीही तीच होती. पण चार कणसं सोडणं वेगळं आणि वीस हजार चोची रोज पहाटे रानात उतरणं वेगळं. तो बोजा एकट्याने उचलायला सांगणं हा नैतिक उपदेश झाला, आणि उपदेशाने कोणाचं कर्ज फिटत नाही.

म्हणूनच मोबदल्याला मी दान किंवा बक्षीस म्हणत नाही, भाडं म्हणतो. बल्गेरियात पक्षिसंरक्षण संस्थेने युरोपीय निधीतून हा करार आधी थोड्या शेतकऱ्यांबरोबर करून पाहिला आणि मग तो देशाच्या ग्रामीण विकास कार्यक्रमात आणवला. शेतकऱ्याने हिवाळी गहू ठेवायचा, हंसांना हुसकावायचं नाही आणि त्याबद्दल हेक्टरी रक्कम घ्यायची. ‘श्रीमंतांची हौस’ म्हणणाऱ्यांना इथे एक साधी गोष्ट विचारावीशी वाटते. युरोपीय संघाच्या अंदाजपत्रकाचा जवळपास तिसरा हिस्सा शेतीवरच जातो. शेतकऱ्याला सार्वजनिक पैसा द्यायचा की नाही हा प्रश्न तिथे केव्हाच सुटला आहे. उरला आहे तो एवढाच की त्या पैशाच्या बदल्यात समाजाने काय मागायचं. जास्त क्विंटल मागितले तर ते योग्य आणि एक अख्खी जात जगवायला मागितली तर ती हौस, असं का? आपल्याकडेही खतापासून विजेपर्यंत शेतीत सरकारी पैसा येतोच. त्यातला थोडा जमिनीच्या बाकीच्या रहिवाशांसाठी का राखून ठेवू नये? उजनीच्या गाळपेर जमिनीत हरभऱ्यावर पट्टकादंब उतरतात, तेव्हा हाच प्रश्न लहान आकारात आपल्या दारात उभा असतो.

कुंपणवाल्यांना मात्र मला भरतपूरला घेऊन जायचं आहे. केवलादेवला राष्ट्रीय उद्यान केलं आणि 1982 साली तिथली म्हशींची चराई बंद झाली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसं मेली. हेतू पक्ष्यांच्या भल्याचा होता. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दहा वर्षांच्या अभ्यासातून दिसलं ते असं, की म्हशी गेल्यावर पाणथळीतलं गवत माजलं, उघडं पाणी कमी झालं आणि पुष्कळ पाणपक्ष्यांची पंचाईत झाली. जी म्हैस शत्रू ठरवली होती ती तळं खुलं ठेवण्याचं काम करत होती. दुसरं उदाहरण आपल्याच घरचं. माळढोकासाठी 1979 साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत 8,496 चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. नकाशावर रेषा मारताना गावं, वस्त्या, शेतं सगळी आत घेतली. जमीन विकता येईना, बांधकाम करता येईना, आणि माळढोक हे नावच त्या भागात शिवीसारखं झालं. तीसेक वर्षांनी क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं, तोवर लोकांचं मन गेलं होतं आणि पक्षीही. आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. एवढ्या मोठ्या कुंपणाने नेमकं कोणाला वाचवलं? दोब्रुजात तर कुंपण घालायला जागाच नाही, कारण हंस कोणत्या शेतात बसेल हे त्या वर्षी गहू कुठे आहे त्यावर ठरतं आणि पिकांची फेरपालट दरसाल होते. अभयारण्याची सीमा जागेवरून हलत नाही. करार मात्र पिकामागे जाऊ शकतो.

शिकारीचा मुद्दा थोडा किचकट आहे. बल्गेरियात लालछाती हंस मारायला बंदी आहे, पांढऱ्या कपाळाचा मोठा हंस मारायला हंगामात परवानगी आहे. आणि हे दोघं एकाच थव्यात उडतात. पहाटेच्या धुक्यात, अर्ध्या उजेडात, तळ्यावरून उठलेला थवा डोक्यावरून जातो तेव्हा नेम एका जातीवर धरता येतो, छर्रे जात पाहून लागत नाहीत. कायदा असूनही काय होतं याचा पुरावा दुसऱ्या एका पक्ष्याच्या अंगात सापडला. ब्युइकचा राजहंस त्याच्या वाटेवरच्या सगळ्या देशांत संरक्षित आहे. तरीही ब्रिटनमध्ये पकडून क्ष-किरणांखाली तपासलेल्या या राजहंसांपैकी चारांत एकाहून जास्त जणांच्या अंगात शिशाचे छर्रे निघाले. तपासणी केली नसती तर कागदावर तो पक्षी सुरक्षितच राहिला असता. शिवाय बार पक्ष्याला लागायलाच हवा असं नाही. तळ्याच्या काठावर पहाटे बंदुका वाजू लागल्या की थवे समुद्रावर जाऊन बसतात, चरायला उशिरा निघतात, लांब जातात, आणि कडाक्याच्या थंडीत हा खर्च अंगावरच्या चरबीतून होतो.

मग शिकाऱ्यांना खलनायक ठरवून मोकळं व्हायचं का? 2012च्या हिवाळ्याच्या तोंडाशी नागालँडमधल्या दोयांग जलाशयावर अमूर ससाण्यांची कत्तल उघडकीला आली. मासेमारीची जाळी टांगून एका हंगामात पकडलेल्या पक्ष्यांचा अंदाज लाखाच्या घरात होता. पुढच्या वर्षी, 2013 साली, त्याच गावांनी एकही ससाणा मारला नाही. गावसभा बसल्या, चर्चने सांगितलं, वनखातं आणि संस्था महिनोन्‌महिने तिथे राबल्या आणि ज्यांनी जाळी लावली होती तेच राखणदार झाले. उपग्रह-यंत्रं बसवलेल्या ससाण्यांना त्यांच्याच भागाची नावं मिळाली : नागा, वोखा, पांगती. पक्षी कुठे बसतात आणि पहाटे कोणत्या दिशेने निघतात हे शिकाऱ्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. आपल्या गावगाड्यात जागल्याला गावाची राखण दिली होती आणि तिच्या बदल्यात बलुतंही होतं. त्या व्यवस्थेत जातीचा अन्याय मुरलेला होता, तिच्याविषयी मला हळहळ नाही. पण राखण हे काम आहे आणि कामाला मोल आहे एवढं तिला कळत होतं. दोब्रुजात तळ्याकाठी गस्त घालणाऱ्याला पगार हवा, आणि तो माणूस शक्यतो त्याच गावचा हवा.

सगळ्यात जोरकस आक्षेप मोजणीवर घेतला जातो आणि त्याला टाळून चालणार नाही. सभेत एका तरुणाने तो नेमका मांडला. तुम्ही वर्षानुवर्षं नुसते मोजता, त्या पैशात गस्त वाढवा. शिवाय तुमचे आकडे तरी कुठे खरे? तो चुकीचं बोलत नव्हता. 2000च्या सुमारास या हंसांची हिवाळी मोजणी 80-90 हजारांपर्यंत गेली होती. थोड्याच वर्षांत ती निम्म्याच्याही खाली आली. जग हादरलं, 2007 साली धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत या हंसाला ‘संकटग्रस्त’ वर्गात टाकलं. मग शंका आली : पक्षी मेले, की आपण उभे होतो तिथे आलेच नाहीत? हिवाळे सौम्य होऊ लागले होते, युक्रेनमध्ये आणि त्याच्याही पूर्वेला बर्फ उशिरा पडत होता आणि थवे पुढे येण्याचं कारण उरत नव्हतं. पूर्वेकडच्या मुक्कामांवर मोजणी वाढली, तिथे पक्षी सापडले आणि 2015 साली जात पुन्हा ‘असुरक्षित’ या एक पायरी खालच्या वर्गात आली. या प्रकरणात मोजणी नापास झाली असं कोणी म्हणू शकेल. मला त्यात उलटंच दिसतं. चूक कळली ती मोजत राहिल्यामुळे. अर्धवट मोजणीतली चूक आणखी मोजूनच दुरुस्त होते, मोजणं सोडून नाही. नाहीतर दोन शक्यता होत्या. पक्षी खरोखर संपत असताना आपण निवांत बसलो असतो, किंवा पक्षी दुसरीकडे सुखाने चरत असताना दोब्रुजाच्या शेतकऱ्याला दोष देत बसलो असतो. दुसरी चूक पहिलीइतकीच घातक आहे, कारण खोट्या आरोपाने तुटलेला माणूस पुन्हा करारावर सही करत नाही.

आणि मोजणी म्हणजे दुर्बिणीतून हौसेने बघणं, हा समज ज्यांचा आहे त्यांनी एकदा शाब्लाच्या काठावर पहाटे उभं राहावं. उजाडायच्या आधी मोजणारे तळ्याभोवती ठरलेल्या जागा धरतात. समुद्रावरचा वारा हातमोज्यातून आत घुसतो आणि पेन्सिलच चालते, कारण पेनाची शाई थिजते. आधी लांबून बाजार भरल्यासारखी कुजबुज ऐकू येते, मग ती वाढते आणि अचानक तळ्याचा एक तुकडा सुटून आकाशात जातो. दहा-दहाचे, मग शंभरांचे गठ्ठे डोळ्यांनी बांधायचे, दिशा आणि वेळ लिहायची. मिश्र थव्यात लालछाती किती हे आवाजावरून आणि आकारावरून ठरवायचं, आणि दिवसभर शेताशेतांत फिरून तो हिस्सा पुन्हा तपासायचा. पिलं किती तेही पाहायचं, कारण टुंड्रातले लेमिंग, म्हणजे उंदरासारखे छोटे प्राणी, कमी झालेल्या वर्षी कोल्हे अंड्यांकडे वळतात आणि त्या हिवाळ्यात थव्यात त्या वर्षाची पिलं जवळजवळ दिसत नाहीत. जगभर जानेवारीच्या मध्याला पाणपक्ष्यांची गणती 1967 पासून होते. आपल्याकडे आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून होते आणि मीही तिच्यात उजनीवर उभा राहिलो आहे. तिथे आम्ही जे करतो त्यात आणि शाब्लात एक मोठा फरक आहे. आमचे आकडे यादीत जातात आणि तिथेच राहतात. शाब्लात ‘या आठवड्यात थवे अमुक गावाच्या रानात आहेत’ हे गस्तीला कळतं, कराराच्या हप्त्याला त्याचा आधार मिळतो आणि तिसऱ्या दिवशी माणूस योग्य जागी उभा असतो. त्या तरुणाचा प्रश्न खरं तर आमच्यासारख्यांना लागू होता, आणि तो मी मान्य केला.

रक्षण करून पक्षी वाढले की तेच डोकेदुखी होतात, हाही एक आक्षेप. खरं आहे. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या सीमेवरच्या सॉल्वे खाडीत 1948च्या सुमारास आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरून हिवाळ्यासाठी येणारे बार्नाकल हंस तीनशेच्या आसपास उरले होते. शिकार थांबवली, राखीव क्षेत्र केलं, पुढे शेतकऱ्यांना मोबदला सुरू झाला आणि संख्या काही दहा हजारांवर गेली. स्कॉटलंडच्याच इस्ले बेटावर याच जातीच्या दुसऱ्या थव्यांवर शेवटी सरकारला परवान्याने गोळ्या चालवाव्या लागल्या. म्हणजे करार एकदाच लिहून चालत नाही; संख्या बदलली की अटी बदलायला हव्यात, आणि त्या कशावरून बदलायच्या? मोजणीवरूनच. मग 2021-22च्या हिवाळ्यात सॉल्वेवर बर्ड फ्लू आला आणि त्या हंसांपैकी जवळपास एक तृतीयांश मेले. ज्यांना आदल्या वर्षापर्यंत ‘फार झाले’ म्हणत होते त्यांची ही गत एका हंगामात झाली. लालछाती हंस तर थंडीत एकाच पट्ट्यात दाटीवाटीने बसतो. त्याच्या तळ्यात अशी साथ आली आणि तिथे कोणी मोजत नसेल, तर आपल्याला कळणार कधी?

पवनचक्क्यांविषयी थोडक्यात. माळढोक आणि वीजवाहिन्यांचा खटला आपल्या सर्वोच्च न्यायालयात गाजल्यामुळे सभेत हा विषय निघालाच. दोब्रुजाचा किनारा वाऱ्याचा आहे, तिथे चक्क्या उभ्या राहिल्या. चक्क्यांखाली मेलेले हंस फारसे सापडत नाहीत हे कंपन्यांचं म्हणणं खोटं नाही. पण हंस चक्क्यांजवळच्या रानात उतरायचं टाळतात आणि तळ्याजवळची शेतं अशी एकेक करून त्यांच्यासाठी बाद होतात. हे नुकसान प्रेतं मोजून कळत नाही. 14 जानेवारी 2016 रोजी युरोपीय न्यायालयाने दोब्रुजाच्या किनाऱ्यावरच्या कालियाक्रा परिसरातल्या प्रकल्पांवरून बल्गेरियाला दोषी धरलं ते असा अधिवास जपला नाही म्हणून. मला पवनऊर्जा हवी आहे. ती तळ्याच्या तोंडाशी हवी असं कोणी अजून पटवून दिलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मला कबूल करावीच लागते, आणि तिच्यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. हिवाळी जागा राखूनही पक्षी जाऊ शकतो. सायबेरियन क्रौंच भरतपूरला येत होते तोवर त्यांची मोजदाद नीट होती, तळं राखलेलं होतं, देश त्यांच्यावर लोभ करत होता. तरी 2001-02च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली आणि मग कोणीच आलं नाही. वाटेत अफगाणिस्तान होता, युद्ध होतं, बंदुका होत्या. लालछाती हंसाच्या वाटेवर आज युक्रेन आहे. 2022 पासून तिथल्या दक्षिणेकडच्या गव्हाच्या शेतांत दुर्बीण घेऊन कोणी उभं राहावं असे दिवस राहिलेले नाहीत. दोब्रुजातला शेतकरी त्यावर काही करू शकत नाही, बल्गेरियाचं सरकारही नाही. पण याचा अर्थ दोब्रुजातलं काम फुकट असा लावणाऱ्यांना मी विचारीन : वाटेतला एक मुक्काम जळतो आहे म्हणून दुसऱ्या मुक्कामाचं दारही लावून घ्यायचं का? उलट जिथे शांतता आहे, जमीन नांगरता येते, करार लिहिता येतो, तिथला एकेक हेक्टर आता आधीपेक्षा मोलाचा झाला आहे.

त्या सकाळी शेतात गुडघे टेकून आम्ही कांड्या मोजत होतो, तेव्हा शेताचा मालक गाडीतून आला. साठीचा असावा, कानटोपी, हातात काठी. आम्ही कोण हे त्याला माहीत होतं आणि आवडत नव्हतं. दुभाषी मैत्रीण सांगत होती त्यावरून त्याची तक्रार हंसांवर तेवढी नव्हती. सगळे येतात, त्याच्या रानात उभे राहतात, फोटो काढतात, पण त्याच्या शेतात किती हंस किती दिवस बसले हे त्याला कधीच कोणी सांगत नाही. मग त्याचं गेलं किती आणि मिळतंय किती हे त्याने कशावरून ठरवायचं? आमच्यातल्या मोजणाऱ्याने काही न बोलता पिशवीतून वही काढली, त्या शेताचं पान उघडलं आणि त्याच्या हातात दिली. तारखा, वेळा, आकडे, सखल कोपऱ्याचं वेगळं चौकोनी चित्र. वाऱ्याने पान फडफडत होतं म्हणून त्याने ते अंगठ्याने दाबून धरलं आणि वरपासून खालपर्यंत सावकाश वाचलं. मग मागच्या वर्षीचं पान आहे का, असं विचारलं.